दुर्गाचा पाच ते सहाचा तास

सोमवार, १२ जून १९७८. सकाळी.

नाही, तुम्ही आधी माझं ऐकून घ्या. मी मास्तर झालेलो नाही. मी मास्तरकी करतोय. दोन्हींत फरक आहे, आणि ज्यांना तो कळत नाही त्यांनी ही डायरी खाली ठेवावी. (ठेवायला आहे कोण म्हणा. ड्रॉवरला कुलूप, किल्ली माझ्या खिशात. पण भांडायला समोर कोणीतरी लागतं मला.)

तर. आजपासून टेम्पररी टीचर. मराठी मीडियम, पाचवी ते सातवी, दिवाळीपर्यंत. दांडिया बाजारातल्या आमच्या घरापासून शाळा चालत सात मिनिटं. बाबा म्हणाले, चला, बी.ए.चं काहीतरी झालं. आई म्हणाली, इस्त्रीचा शर्ट घाल. दोघांनाही सांगितलं की हे फील्डवर्क आहे, नॉव्हेलसाठी. बाबांनी पेपर वर धरला.

संकल्प. रोज चार पानं. दिवाळीला नॉव्हेल पूर्ण. स्टाफरूममध्ये कोणाशी दोस्ती नाही. सिगरेट बंद, उद्यापासून.

गुरुवार, १५ जून

सातवीचा वर्ग माझ्याकडे. हजेरीपटावर सव्वीस, वर्गात एकोणीस. रेल्वेतल्यांची पोरं, कारखान्यातल्यांची पोरं. दोन-तीन आमच्या बाजूच्या जुन्या घरांतली, ज्यांच्या आजोबांचे फेट्यातले फोटो भिंतीवर आहेत आणि ज्यांना इंग्लिश मीडियमनं घेतलं नाही.

आणि भाषा! एक उठून म्हणतो, सर, एणे माझ्यावर पाणी ढोळलं. दुसरी म्हणते, सर, माझा कंपास खोवाला (म्हणजे हरवला). लेसन (म्हणजे गृहपाठ) का नाही केलं विचारलं, तर म्हणे, काल मला नाही फावलं. फावलं, म्हणजे जमलं! मी खडू ठेवला आणि सगळं हजेरीपटाच्या मागे उतरवून घेतलं. पुण्याच्या संपादकानं माझी कथा परत पाठवताना लिहिलं होतं, भाषा अशुद्ध आहे. गृहस्था, तू ज्या जिवंत भाषेवर अग्रलेख लिहितोस ती इथे तिसऱ्या पाटलीवर (इथे बाकाला पाटली म्हणतात) बसून नाक पुसतेय.

निर्णय: एकही चूक दुरुस्त करायची नाही. चूक ही कल्पनाच सरकारी आहे.

शालिनीबाई (गुजराती शिकवतात, एप्रिलात रिटायर, चष्म्यावरून बघतात) म्हणाल्या, लक्ष्मीकांतभाई, पोरं दोन भाषा अर्ध्या-अर्ध्या घेऊन येतात. आपण त्या पुऱ्या करून घरी पाठवायच्या. एवढंच काम आहे आपलं. मी हसलो. शिंप्याचं तत्त्वज्ञान.

रविवार, २५ जून

आज दारोदार हिंडलो. मोठ्या बाईंनी, म्हणजे हेडमिस्ट्रेस अहल्याबाईंनी, सगळ्यांना याद्या वाटल्या. जूनमध्ये इथल्या मास्तरांचं हे एक कामच असतं. घरोघर जायचं आणि पोरं टिकवायची. सप्टेंबरात इन्स्पेक्शन. सातवीत पंचवीस डोकी मोजून भरली तर वर्ग राहणार. वर्ग राहिला तर तुमची जागा परमनंट होऊ शकते, ट्रस्ट बी.एड.लाही पाठवेल, असं बाई म्हणाल्या. मी म्हटलं, मला परमनंटमध्ये इंटरेस्ट नाही. त्या म्हणाल्या, बरं, यादी घ्या.

सहा घरं. एकानं दार उघडून, आम्हाला नको, असं सांगून लावून घेतलं. मी काय विकायला आलोय हेही विचारलं नाही. एका बाईनं मला आतून गुजरातीत विचारलं, कोण छे? आणि मी मराठीत उत्तर दिल्यावर परत गुजरातीतच सांगितलं की मुलगा इंग्लिशमध्ये घातला. तिच्या दारावर नाव कुलकर्णी.

सहावं घर स्टेशनपलीकडच्या चाळीत. बापू, कोयलीच्या रिफायनरीत ठेकेदाराकडे वेल्डर, नंदुरबारकडचे. बायको कांचनबाई. मुलगी दुर्गा, माझ्याच वर्गातली, बारा वर्षांची, दोन वेण्या, वर्गात सगळ्यांत हुशार. बापूंनी खुर्ची पुसून दिली आणि मला गुरुजी म्हणाले. चोवीस वर्षांचा आहे मी!

बापू म्हणाले, गुरुजी, तुमच्याकडे सातवीच्या पुढं वर्ग नाही. आठवीला पोरीला गुजरातीतच जायचंय. मग आत्ताच का नको? चाळीमागं मुलींची गुजराती शाळा आहे, सातवीत एक जागा ठेवलीय, दहा जुलैपर्यंत. पुढच्या वर्षी सरळ आठवीत जायचं तर परीक्षा घेतात. सगळी गुजरातीतून, गणितसुद्धा. त्यात राहिली तर सातवी परत. मला गुजराती वाचता येत नाही, हिच्या आईला बोलताही येत नाही. पोरीचं वर्ष गेलं तर कोणाला पुसू?

मग मी बोललो. वीस मिनिटं. मातृभाषा, मुळं, ओळख. कांचनबाईंनी चहा आणला, तो गार झाला. दुर्गा दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. बापू म्हणाले, ते बरोबर आहे गुरुजी. पण परीक्षा?

आणि माझ्या तोंडून गेलं, परीक्षेचं माझ्यावर सोडा. रोज शाळा सुटल्यावर, पाच ते सहा, मी स्वतः तिची तयारी करून घेतो.

तुम्हाला येतं ना गुजराती, बापूंनी विचारलं. मी गुजरातीतच असं काही दणदणीत उत्तर दिलं की शेजारीण बाहेर येऊन बघून गेली. जन्म बडोद्यातला आहे, म्हटलं. बापू हसले. म्हणाले, मग शब्द द्या.

दिला. सहापैकी एक घर मिळालं. मोठ्या बाई म्हणाल्या, चांगलं झालं, हिला धरून बरोबर पंचवीस होतील.

मंगळवार, ११ जुलै

काल त्या गुजराती शाळेतली जागा दुसऱ्या मुलीला गेली. दुर्गानंच सांगितलं. चला, तो एक प्रश्न मिटला. आजपासून तास सुरू, शाळेच्या व्हरांड्यात. पलीकडे शालिनीबाई वह्या तपासत बसतात.

एक गोष्ट इथे लिहून ठेवतो. मॅट्रिकपर्यंत मी पुण्याला मामाकडे होतो आणि कॉलेज इंग्लिशमधून केलं. त्यामुळे गुजराती वाचायचा प्रसंग फारसा आला नाही. पण दुकानांच्या पाट्या वाचतो मी. पुस्तक म्हणजे लांबलेली पाटी.

आज पान उघडलं. अक्षरांना डोक्यावर रेघ नाही, सगळी बोडक्यानं हिंडतायत. पहिल्या ओळीवर जरा थांबलो. मग पद्धत सुचली. विद्यार्थ्यानं वाचायचं, शिक्षकानं ऐकायचं. मास्तर बोलतो आणि पोर गप्प, ही जुनी रड मी मोडतोय. दुर्गा वाचत गेली. एका शब्दाला अडली आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, पुढे चल, अर्थ मागून येतो.

दहा मिनिटांत पुस्तक मिटलं. मग तिला विचारलं, घरी काय काय करतेस. तर ही पोरगी रेशनच्या दुकानात, दवाखान्यात, लाइटबिलाच्या खिडकीवर आईबरोबर जाते आणि दोन्हीकडचं बोलणं इकडून तिकडे करते. गेल्या आठवड्यात डॉक्टर कांचनबाईंवर खेकसले, इतके दिवस झोपली होतीस का? दुर्गानं आईला सांगितलं, डॉक्टर म्हणतात, वेळेवर आलात ते बरं केलंत. आणि आईचं उत्तर डॉक्टरांना सांगितलं, आई म्हणते, तुमच्याच हाताला गुण आहे.

आई असं म्हणालीच नव्हती, मी म्हटलं. ती म्हणाली, म्हणाली असती सर, तिला आलं असतं तर.

घरी येऊन सात पानं लिहिली. नॉव्हेल सापडली! नायिका: दुभाषी पोर.

रविवार, ३० जुलै

छप्पन्न पानं. दुर्गा बोलते, मी लिहितो. तिची वाक्यं तशीच ठेवतो, मधूनमधून स्वल्पविराम काढतो. लेखकाचं काम तेवढंच असतं.

गुजराती तयारी: पायाभूत काम चालू. (पुस्तक अजून धडा पहिलाच. पण खोलवर.)

शिकवणं मला रक्तातच असावं असं वाटायला लागलंय. कालच ठरवलं होतं की हा पेशा म्हणजे बुद्धीची पेन्शन. आज तसं वाटत नाही. उद्या बघू.

शुक्रवार, १८ ऑगस्ट

दुर्गानं विचारलं, सर, अपूर्णांकांना सुरुवात करू या? परीक्षेत येतात. मी म्हटलं, घाई नको. तिनं दप्तरातून गुजराती गणिताचं पुस्तक काढलं, कोणाकडून तरी मागून आणलेलं, कव्हर घातलेलं. मी ते चाळलं, मान हलवली आणि म्हटलं, हे राहू दे माझ्याकडे, बघतो.

ते टेबलावर आहे. त्याच्यावर नॉव्हेलची पानं ठेवतो, उडू नयेत म्हणून.

मंगळवार, १२ सप्टेंबर

इन्स्पेक्शन. पोरं मोजली. पंचवीस. एक कमी असतं तर वर्ग गेला असता. कांचनबाईंना आज दवाखान्यात जायचं होतं, दुर्गा त्यांच्याबरोबर न जाता शाळेत आली. मीच काल तिला म्हटलं होतं की उद्या महत्त्वाचा धडा आहे.

साहेब गुजराती. माझ्याशी पाच मिनिटं बोलले. मी तडफदार गुजरातीत उत्तरं दिली. मोठ्या बाईंनी मध्येच सांगितलं की हे मुलांसाठी शाळेनंतर गुजरातीचा खास वर्ग घेतात. मुलांसाठी! साहेब खूष. शेऱ्यात लिहून गेले: स्तुत्य उपक्रम. शालिनीबाई खिडकीबाहेर बघत होत्या. जळतात.

शुक्रवार, २० ऑक्टोबर

रमाकांत आला होता. आमच्या अनियतकालिकाचा दुसरा संपादक. तीन अंक निघाले, मग तो बँकेत चिकटला. त्याला नव्वद पानं वाचून दाखवली. शेवटपर्यंत ऐकली त्यानं, ते कबूल. मग म्हणाला, लक्ष्या, फार चांगलं आहे. पण यात तुझं काय आहे?

मी म्हटलं, दृष्टी. तो म्हणाला, ती मधेमधे दिसते, तिथंच कंटाळा येतो.

बँकेत गेलेल्या माणसाला साहित्य वाचून दाखवायचं नाही. लिहून ठेवतो.

मग त्यानं विचारलं, आणि त्या पोरीची परीक्षा कधी आहे? मी म्हटलं, एप्रिल, खूप वेळ आहे. तुला तरी कुठं गुजराती वाचता येतं, असं म्हणून तो हसत जिन्यावरून उतरला. चप्पल वाजवत. असंस्कृत.

रविवार, २६ नोव्हेंबर

नॉव्हेल दिवाळीला पूर्ण झाली नाही. त्याला कारणं आहेत. फराळ, पाहुणे, गोंगाट. नवी तारीख: एकतीस डिसेंबर.

नोकरीला मोठ्या बाईंनी एप्रिलपर्यंत मुदतवाढ दिली. मी नको म्हणणार होतो.

आज बापू घरी आले. सुट्टीत गावी गेले होते, माझ्यासाठी पिशवीभर लाल मिरची आणली. नंदुरबारची. आई मिरची बघून एवढी हरखली की तिनं त्यांना आत बसवून चहा दिला, नाहीतर चाळीतल्या माणसाला आमच्याकडे ओट्यावरच चहा मिळतो. बापू तिला सांगत होते, गुरुजींसारखा माणूस नाही. दुर्गा रोज जेवताना सांगते, आज सरांनी हा धडा घेतला, आज दशांश शिकवले, आज निबंध लिहून घेतला. गुजरातीतून वाचूनपण दाखवते. आम्हाला काय कळतंय, पण ऐकायला गोड वाटतं.

दशांश? मी क्षणभर गोंधळलो.

मग कळलं. हेच खरं शिक्षण. मी तिच्यात जिज्ञासा जागवली, आता ती स्वतःच शिकतेय आणि मोठ्या मनानं श्रेय मला देतेय. पोरीला माझी पद्धत माझ्यापेक्षा लवकर समजली. आई रात्रीच्या भाजीला मिरची घालून म्हणाली, बघ, कमावलंस काहीतरी.

खूप तिखट होती.

१४ जानेवारी १९७९. उत्तरायण.

अख्खं बडोदं पतंग घेऊन गच्चीवर. मी खाली. लिहितोय म्हणून सांगितलं. लिहिलं नाही.

उद्यापासून रोज दुर्गाची गुजराती, पूर्ण एक तास, कडक. टाइमटेबल करून भिंतीला लावलं. वेगवेगळ्या रंगांत.

गुरुवार, १८ जानेवारी

टाइमटेबल सुंदर झालंय. सर्दी झाली.

रविवार, १८ फेब्रुवारी

गणिताचं पुस्तक शेवटी उघडलं. गुणाकार, भागाकार हे शब्द तेच आहेत! निम्मं काम इथंच झालं. उगाच भीत होतो. म्हणजे दुर्गा भीत होती.

काल शालिनीबाईंनी व्हरांड्यात अडवलं. म्हणाल्या, लक्ष्मीकांतभाई, दोन महिने राहिले. तिला माझ्याकडे बसवा, गणित-विज्ञान मी घेते, निबंध पण लिहून घेते. मला घरी जायची घाई नसते. तुमचं नावही कुठे घेणार नाही.

नावही कुठे घेणार नाही! म्हणजे काय? मी काय शिकवत नाही? मी शांतपणे सांगितलं की माझी एक पद्धत आहे, ती मध्येच तोडली तर मुलीचं नुकसान होईल. त्या म्हणाल्या, पद्धत तुमची, वर्ष तिचं. मी म्हटलं, बेन, तुम्ही एप्रिलात सुटाल, मला हे काम पुढे न्यायचंय.

हे वाक्य बोलल्यावर माझं मलाच आश्चर्य वाटलं. पुढे न्यायचंय? असेल. परवा ट्रस्टच्या फत्तेसिंहरावांनीही विचारलं, बी.एड. करणार का. मी म्हटलं, विचार करतो. खरंच करतोय. लेखकानं एखाद्या संस्थेत असावं. आतून स्फोट करता येतो.

दुर्गा पायरीवर बसून चप्पल दुरुस्त करत होती. तिला ऐकू गेलं नसावं.

मंगळवार, २७ मार्च

नॉव्हेलची एकशे बेचाळीस पानं. दुर्गाकडे आता सांगायला काही उरलं नाही असं वाटतंय. हल्ली तासाला गप्प असते, स्वतःचं पुस्तक काढून मनात वाचते. मी समोर बसतो. ही उपस्थिती महत्त्वाची.

आज म्हणाली, सर, एक निबंध तपासून द्या ना. गुजरातीत लिहिलेला, दीड पान. मी पूर्ण नजरेखालून घातला. अक्षर सुरेख आहे. खाली लिहिलं: छान. मराठीत लिहिलं. तिनं ते वाचलं, वही बंद केली आणि थँक्यू म्हणाली.

मंगळवार, २४ एप्रिल

दुर्गाची परीक्षा. सकाळी बापू रजा टाकून तिला घेऊन गेले. मी तिला कालच सांगून ठेवलं होतं, मनातलं लिही, जसं येईल तसं. नियमांना घाबरू नकोस.

दुपारी झोप लागली.

शनिवार, ५ मे

राहिली. निबंधात बरी, गणित-विज्ञानात गेली. तिला येत होतं, म्हणे, पण प्रश्न वाचायलाच वेळ गेला. आठवीत घेत नाहीत. सातवीत परत बसवणार, गुजरातीतून, पहिल्यापासून.

कारणं. एक, परीक्षापद्धती. दोन, पेपर काढणाऱ्यांना द्विभाषिक मुलाचं मन म्हणजे काय हे माहीतच नाही. तीन, उकाडा. चार, घरी वातावरण नाही. पाच, शेवटच्या दोन महिन्यांत तिनंच माझ्याशी मोकळेपणानं बोलणं कमी केलं होतं.

याच टपालानं ट्रस्टचं पत्र. इन्स्पेक्शनच्या शेऱ्यामुळे आणि पटसंख्या टिकवल्यामुळे माझी जागा परमनंट. बी.एड.ची फी ट्रस्ट भरणार. बाबांनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि पहिल्यांदा माझ्यासाठी पेपर खाली ठेवला.

दोन्ही एकाच दिवशी यायला नको होतं. टपालखात्याला काही समज नाही.

बुधवार, ९ मे

चाळीत जाऊन आलो. जायला नको होतं. आईच म्हणाली, मिरची खाल्लीस ना त्यांची, मग जा.

बापू पहिल्या पाळीहून आले होते, हाताला जळल्याचे बारके डाग. तरी उठले आणि खुर्ची पुसली. मी वाट बघत होतो की ते चिडतील. मी उत्तरं तयार करून गेलो होतो, पाचही कारणं. ते म्हणाले, गुरुजी, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही वर्षभर रोज शिकवलं. आमच्या पोरीचंच डोकं कमी पडलं.

कांचनबाई आत भांडी विसळत होत्या. भांड्यांचा आवाज थांबला.

दुर्गा खाली मान घालून तांदूळ निवडत होती.

बापूच म्हणाले, सातवी परत करंल, आणखी काय. एक वर्षच तर आहे. आमच्यात एका वर्षानं लगीन आडतं थोडंच, असं म्हणून हसायला गेले, आणि त्यांना ते जमलं नाही.

निघालो तर दुर्गा नळापर्यंत आली, बादली घेऊन. मी म्हटलं, दुर्गा, अपयश म्हणजे काय असतं माहीतेय. ती म्हणाली, सर, तुम्हाला गुजराती वाचता येत नाही ना?

मी म्हटलं, कोण म्हणतं?

ती म्हणाली, मला पहिल्या दिवशीच कळलं. तुमचं बोट ओळीवर होतं पण डोळे पुढे जात नव्हते. आईचे तसेच होतात, बिल दिलं की.

मग बापूंना का नाही सांगितलंस, असं मी विचारलं. आवाज चढला असावा, कारण नळावरच्या दोन बाया वळून बघायला लागल्या. दुर्गा म्हणाली, तोपर्यंत तिकडची जागा गेली होती ना सर. मग बापूंना सांगितलं असतं तर ते नुसते रडले असते. आणि मला वाटलं, तुम्ही शिकाल. मी शिकत होते तसे. मग दोघं बरोबर झालो असतो.

बादली भरली होती. मी नळ बंद केला. माझ्या हातून तेवढं झालं.

घरी आल्यावर सुचलं की हा प्रसंग नॉव्हेलचा शेवट म्हणून उत्तम आहे. फक्त मास्तरच्या जागी दुसरं कोणीतरी घालावं लागेल.

सोमवार, ११ जून १९७९

शाळा सुरू. मोठ्या बाईंनी नवं टाइमटेबल दिलं. शालिनीबाई गेल्या, त्यांची जागा भरायला परवानगी नाही. त्यामुळे पाचवी, सहावी, सातवी, तिन्हींची गुजराती माझ्याकडे. बाई म्हणाल्या, तुमचा एक वर्षाचा अनुभव आहे, साहेबांचा शेरा आहे, दुसऱ्या कोणाला देणार?

मी म्हटलं, माझा विषय मराठी आहे. बाई म्हणाल्या, अहो, पोरांना मराठी घरी येतंच की.

नाही म्हणून राजीनामा द्यावा. देणार होतो. पण बाबांनी मिठाई वाटून झाली होती.

पाचवीचा पहिला तास. पुस्तक उघडलं. पोरांना म्हटलं, तुम्ही वाचा. पाचवी आहे ती, त्यांना अजून अक्षरंच येत नाहीत. बेचाळीस डोळे माझ्याकडे. एक पोरगा म्हणाला, सर, आधी तुम्ही. मी म्हटलं, आज नुसती ओळख. तासभर ओळख चालली. प्रत्येकाचं नाव, वडील काय करतात, जेवायला काय आवडतं. उद्या काय करणार?

शुक्रवार, १५ जून

चार दिवस ओळखच चालू आहे. सहावीतली एक मुलगी म्हणाली, सर, माझं नाव तुम्ही तीनदा विचारलंत.

गुजराती अंकलिपी विकत आणली. दुकानदारानं विचारलं, मुलासाठी? मी म्हटलं, भाच्यासाठी. आई म्हणाली, तुला भाचा कुठला? रात्री उघडली. क, ख, ग ठीक. पुढे काही अक्षरं एकमेकांची चुलत भावंडं असल्यासारखी दिसतात.

नॉव्हेल बांधून माळ्यावर ठेवली. तात्पुरती.

शनिवार, १६ जून. संध्याकाळी.

खूप विचार केला. दुर्गाचं वर्ष जातंय, आणि आता सगळं गुजरातीत, म्हणजे तिचं मराठी नक्कीच सुटणार. इतकी गुणी मुलगी, तिच्याकडे दुर्लक्ष करणं हा माझ्याकडून अन्याय होईल. शिक्षकाचं कर्तव्य शाळेच्या फाटकाशी संपत नाही.

म्हणून सायकल काढून चाळीत गेलो. बापू बाहेर बसले होते, खुर्ची पुसायला उठले. मी म्हटलं, बसत नाही, घाईत आहे. कांचनबाई दारात आल्या. दुर्गा नव्या शाळेच्या निळ्या फ्रॉकमध्ये लेसन करत होती, मला बघून उठली.

एका दमात सांगितलं. दर रविवारी चार वाजता आमच्या घरी ये, आईपण असते. तुझं मराठी मी पक्कं करून देतो, फुकट. येताना तुझी गुजरातीची चोपडी आणत जा. जुनी असेल तरी चालेल, पाचवीचीसुद्धा चालेल. तू मोठ्यानं वाचायचं, सावकाश, बोट ठेवून. मी ऐकेन. तुझा पाया कच्चा राहिलाय, तिथूनच सुरुवात केलेली बरी. तुझ्यासाठीच म्हणतोय.

बापूंनी दुर्गाकडे पाहिलं. कांचनबाईंनीही पाहिलं, दवाखान्याच्या खिडकीवर बघत असतील तसं. दुर्गानं पेन्सिल खाली ठेवली आणि बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात मी सायकलवर टांग टाकली.